'नाही' म्हणण्याचे धडे

(कुमार वर्गाचे शिक्षक व पालक यांच्यासाठी)

शास्त्रपाठ : दानीएल, अध्याय १ ला
पूरक वाचन : १ राजे १२:१-१६, मार्क १४:६६-७२, गलती २:११-१४
पाठाचा उद्देश : सोबत्यांच्या आग्रहापुढे न झुकता आणि न भांडता, ठामपणे 'नाही' म्हणण्याची मुलांना सवय लावणे.

चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा तंबाखू तोंडात धरतो, तेव्हा त्याला तिची चव आवडलेली असते असे नाही. तोंड भाजते, डोके गरगरते, कधी ओकारीही होते. तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडीला हात लावतो. कारण चौघांत आपण एकटे वेगळे पडलो, ही गोष्ट त्या वयाला तंबाखूपेक्षा कडू लागते. परीक्षेत मैत्रिणीला उत्तर दाखवणारी मुलगी, परवाना नसताना मोटारसायकलवर तिघांत तिसरा बसणारा मुलगा, घरची ओढाताण ठाऊक असूनही वाढदिवसाच्या पार्टीसाठी आईच्या डब्यातून पैसे काढणारे पोर, या सर्वांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे. त्यांना ते काम करावयाचे नव्हते. पण 'नाही' हा शब्द ऐन वेळी तोंडातून निघाला नाही.

आपल्याकडे याला संगतीचा दोष म्हणतात, आणि ढवळ्याशेजारी पवळा बांधल्याची म्हण सांगून विषय संपवतात. परंतु पवळ्याला दावणीला दुसऱ्या कोणी बांधलेले असते. आपल्या मुलांना वाचा आहे. ती ऐन वेळी का बसते, हा आमच्या मते खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या एका म्हणीत सापडते : भीड ही भिकेची बहीण. पुष्कळ मुले वाईट नसतात, भिडस्त असतात. ही भीड पुष्कळदा आपण मोठ्यांनीच त्यांना शिकवलेली असते. तो विचार पुढे करू. प्रथम सोबत्यांचे दडपण कसे काम करते ते पाहू.

दडपणाचे बळ

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ आणि दुसऱ्या कार्डावर तीन रेघा. त्या तिघींपैकी कोणती रेघ पहिलीएवढी लांब आहे, एवढेच सांगावयाचे. एकट्याने उत्तर देताना सहसा कोणी चुकत नसे. मग ॲश यांनी एकेका विद्यार्थ्याला अशा घोळक्यात बसवले की, ज्यातील बाकीच्या सर्वांना ठराविक वेळी मुद्दाम एकच चुकीचे उत्तर देण्यास सांगून ठेवले होते. अशा वेळी सुमारे एकतृतीयांश उत्तरे घोळक्यासारखी चुकीची आली, आणि दर चार विद्यार्थ्यांपैकी सुमारे तिघे निदान एकदा तरी घोळक्याबरोबर वाहवले. हे कॉलेजात शिकणारे तरुण होते. त्यांना कोणी धमकावले नव्हते. बाकीचे वेगळे म्हणाले, एवढ्याने डोळ्यांसमोरची रेघ त्यांनी नाकारली.

या प्रयोगाचा पुढचा भाग शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावा. घोळक्यात खरे उत्तर देणारा केवळ एक जण ठेवला, तेव्हा चुकीच्या उत्तरांचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्यावर आले. माणसाला धीर येण्यास बहुमत लागत नाही. एक सोबती पुरतो.

कुमारवयात हे दडपण अधिक जोराने जाणवते. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी पडद्यावर मोटार चालवण्याचा खेळ निरनिराळ्या वयाच्या लोकांना खेळावयास दिला. मित्र पाहत असताना १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी पत्करलेले धोके पुष्कळच वाढले. २४ वर्षांपुढील माणसांत मात्र तसा फरक पडला नाही. तेव्हा "एकटा असतो तेव्हा किती शहाणा वागतो!" असे जेव्हा एखादी आई म्हणते, तेव्हा ती खरेच सांगत असते. तो ढोंगी नाही. एकट्याचा शहाणपणा चौघांत टिकवणे हे त्याला अजून शिकावयाचे आहे, आणि ते शिकवण्याची जबाबदारी आपली आहे.

दडपणाचे आणखी एक हत्यार म्हणजे "सगळेच करतात" हे वाक्य. ते बहुधा खोटे असते. २०१९ साली भारतात झालेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करणारे आढळले. हा आकडा दुःखाचा आहे खरा; पण त्याची दुसरी बाजू फळ्यावर लिहून दाखवावी. शंभरांपैकी एक्याण्णवांहून अधिक मुले तंबाखू घेत नाहीत! "सगळे" म्हणून ज्यांची भीती घातली जाते ते टपरीपाशी उभे असलेले चौघे असतात. न खाणारे घरी गेलेले असतात, म्हणून दिसत नाहीत.

बाबेलातील चौघे

आता शास्त्रपाठाकडे वळू. यरुशलेमेतून बाबेलास नेलेल्या तरुणांपैकी चौघांची हकीकत वर्गातील बहुतेक मुलांना तोंडपाठ असते. त्यामुळे ती घाईने सांगून अग्निकुंड आणि सिंहांच्या गुहेकडे धाव घेण्याचा मोह होतो. तसे करू नये. पहिल्या अध्यायातील ताटावरचा प्रसंग मुलांच्या रोजच्या जीवनाला अधिक जवळचा आहे. त्यातील चार गोष्टी दाखवाव्यात.

पहिली गोष्ट : दानीएलाने कोठे 'नाही' म्हटले आणि कोठे म्हटले नाही. त्याला नवे नाव दिले गेले. तो बेल्टशस्सर झाला. खास्द्यांची भाषा आणि विद्या त्याने मनापासून शिकून घेतली. तेव्हा परक्या देशातील प्रत्येक गोष्टीशी त्याने भांडण मांडले नाही. राजाच्या ताटातले अन्न आणि द्राक्षारस यांनी आपण विटाळू नये, ही एक सीमा त्याने ओळखली आणि तेथे पाय रोवला. आम्ही मुलांना केसांच्या वळणापासून सिनेमाच्या गाण्यापर्यंत पन्नास गोष्टींना 'नाही' म्हणावयास लावले, तर एक्कावन्नाव्या, खऱ्या संकटाच्या गोष्टीला 'नाही' म्हणण्याचे बळ त्यांच्यात उरणार नाही.

दुसरी गोष्ट : निश्चय आधी, प्रसंग नंतर. आठव्या वचनात क्रम स्पष्ट आहे. दानीएलाने प्रथम मनात ठरवले आणि मग विनंती केली. ताट समोर आल्यावर विचार करू, असे तो म्हणाला नाही. पुडी समोर आल्यावर मुलाला विचार करण्यास दोन क्षणही मिळत नाहीत. त्या दोन क्षणांत आधी ठरवलेलेच तोंडातून निघते.

तिसरी गोष्ट : नम्रपणा आणि दुसरी वाट. अश्पनजाने पहिल्या विनंतीला होकार दिला नाही. राजाने शिक्षा केली तर, अशी त्याला आपल्या जिवाची भीती होती. दानीएलाने त्याला दोष दिला नाही, आणि माघारही घेतली नाही. त्याने देखरेखीवरच्या कारभाऱ्याला दहा दिवसांची मुदत मागितली. शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा, मग तुम्हीच ठरवा, असे सुचवले. समोरच्या माणसाची अडचण समजून घेऊन दिलेला नकार पुष्कळदा स्वीकारला जातो. शिवाय हा कारभारी परक्या लोकांपैकी होता, तरी साहाय्यकर्ता ठरला. इंदूर, बडोदे, बेळगाव येथे आपली मुले नाना धर्मांच्या मुलांबरोबर शिकतात. वाईट संगत बाहेरची आणि चांगली संगत मंडळीतली, असा सोपा हिशेब शिक्षकांनी मांडू नये. तो खराही नाही, आणि मुलांना तो खोटा असल्याचे ठाऊक असते.

चौथी गोष्ट : दानीएल एकटा नव्हता. हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या त्याच्याबरोबर होते. ॲश यांच्या प्रयोगातला तो एक सोबती येथे तिप्पट होऊन उभा आहे. आणि पुढे तिसऱ्या अध्यायात हेच तिघे, दानीएलाचे नाव तेथे नसताना, राजाच्या मूर्तीपुढे वाकण्यास नाकारतात. ताटावरच्या लहान 'नाही'ची सवय मोठ्या 'नाही'च्या वेळी कामाला आली असावी, असे आम्हांस वाटते.

वर्गातील सराव

केवळ उपदेशाने हे साधत नाही. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात मुलांना व्यसनांस फक्त 'नाही' म्हणावयास सांगणारी मोठी मोहीम झाली. १९८३ साली लॉस एंजेलिस येथे पोलीस अधिकाऱ्यांनी शाळांतून वर्ग घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. मागाहून केलेल्या तपासण्यांत त्या मूळ कार्यक्रमाचा फारसा टिकाऊ परिणाम दिसला नाही. ज्या उपक्रमांत मुलांनी प्रत्यक्ष बोलून, उभे राहून सराव केला, त्यांचा अनुभव अधिक चांगला आला. पोहणे काठावर बसून येत नाही, तसेच हे आहे.

तेव्हा वर्गाच्या वेळेपैकी निदान अर्धा वेळ नाट्यीकरणाला द्यावा. प्रसंग मुलांच्या जगातले घ्यावेत : शिकवणी सुटल्यावर टपरीपाशी पुढे केलेली पुडी, चाचणी परीक्षेत मागून आलेली चिठ्ठी, परवाना नसलेल्या मित्राच्या गाडीवर "बस रे, जवळच तर जायचंय" असा आग्रह, वाढदिवसासाठी माणशी तीनशे रुपये वर्गणी. नकाराच्या चार रीती फळ्यावर लिहून प्रत्येकीचा सराव घ्यावा.

(१) सरळ नकार. "नको, मी नाही खात." वाक्य लहान, आवाज शांत, नजर समोरच्याकडे. पुन्हा आग्रह झाला तर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणावे.

(२) कारणासह नकार. "माझ्याकडे तीनशे रुपये नाहीत. मी येईन, पण वर्गणी नाही देऊ शकत." कारण खरे आणि एकच असावे. कारण जितके लांब, तितकी वादाला जागा अधिक.

(३) दुसरी वाट सुचवणे. "चिठ्ठी नाही देणार; पण उद्या सकाळी ये, गणितं एकत्र सोडवू." हा दानीएलाचा मार्ग. यात मैत्री तुटत नाही.

(४) निघून जाणे. जेथे शब्द चालत नाहीत तेथून पाय काढावा. पोटीफराच्या घरातून योसेफ वस्त्र टाकून निघून गेला (उत्पत्ती ३९:१२). तेथे थांबून वाद घालण्यात शौर्य नव्हते.

शिक्षकांनी काही पथ्ये पाळावीत. आग्रह करणाऱ्याची भूमिका प्रथम स्वतः करावी. म्हणजे कोणा मुलावर वाईटाचा शिक्का बसणार नाही. "तुमच्यात कोण खातो?" असे वर्गात कधीही विचारू नये. प्रत्येक मुलास दोन्ही बाजूंचा अनुभव द्यावा, आणि शेवटी दोघा-दोघांच्या जोड्या लावून द्याव्यात. शाळेत, शिकवणीत किंवा खेळाच्या मैदानावर आपला एक सोबती कोण, हे प्रत्येकाने त्याच दिवशी ठरवावे.

सराव घेताना दुसऱ्याचे 'नाही' ऐकण्याचाही सराव घ्यावा. नकार मिळाल्यावर न हसणे, न रुसणे, पुन्हा न विचारणे, हे मुलग्यांना विशेषेकरून शिकवले पाहिजे. आज पुष्कळ आग्रह मोबाइलवर होतो. मुलीला तिचा फोटो पाठव म्हणून दिवसरात्र गळ घालणारा मित्र मित्र नव्हे. अशा वेळी मुलीने एकटीने झुंजावे अशी अपेक्षा करू नये. आई, शिक्षिका, पाळकीणबाई यांच्यापैकी ज्या बाईंना ती न घाबरता सांगू शकेल त्यांना तिने लगेच सांगावे, आणि त्या बाईंनी प्रथम रागावू नये. फोटो आधीच पाठवला गेला असला, तरीही सांगण्याची वाट खुली आहे, हे वर्गात स्पष्ट म्हणावे. १०९८ या मुलांसाठीच्या साहाय्य क्रमांकाचीही माहिती द्यावी.

घरातील 'नाही'

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. मुलांना भीड कोण शिकवतो?

घरी पाहुणे आले की मुलीला गाणे म्हणावयास उभे करतात. ती नको म्हणाली तर पाहुणे गेल्यावर "चारचौघांत नाक कापलेस" म्हणून बोलणी बसतात. नाताळात फराळाला गेल्यावर पोट भरले असे मुलाने सांगितले, तरी "काकूंना वाईट वाटेल" म्हणून आणखी एक करंजी त्याच्या हातात येते. नववीतला मुलगा एखाद्या निर्णयावर "मला हे पटत नाही" म्हणाला, तर ते उलट बोलणे ठरते. अशा रीतीने चौदा वर्षे त्याला एकच धडा मिळतो की, चांगले मूल 'नाही' म्हणत नाही. मग पंधराव्या वर्षी, टपरीपाशी, त्याच मुलाने अचानक छाती काढून 'नाही' म्हणावे अशी आपली अपेक्षा असते. जे घरात कधी बोलू दिले नाही, ते चौकात कोठून येणार?

आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आम्ही सैल करीत नाही. परंतु कलस्सैकरांस लिहिताना पौलाने बापांनाही ताकीद दिली आहे की, मुलांना इतके चिरडीस आणू नये की ती खचून जातील (३:२१). आदराने सांगितलेले 'नाही' आणि उद्धटपणा यांतील फरक मुलांना कोठे तरी शिकावयाचा आहे. तो घरीच शिकता येईल. मुलाने सभ्य शब्दांत नकार दिला, तर निदान त्याचे ऐकून घ्यावे. कधी त्याचे म्हणणे मान्य करावे. कधी मान्य करता आले नाही तर कारण सांगावे. ज्याचा नकार घरात ऐकला जातो, त्याला आपल्या शब्दाला किंमत आहे हे कळते.

दुसरे असे की, आपले नाव पुढे करण्याची मुलांना मोकळीक द्यावी. "पप्पा मला घरात घेणार नाहीत" असे म्हणून मुलाची सुटका होत असेल, तर पप्पांनी तेवढा कठोरपणाचा आळ आनंदाने सोसावा. काही घरांत खुणेचे वाक्य ठरवतात. मुलाने फोनवर "माझी वही टेबलावर आहे का?" असे विचारले की आईने समजावे आणि "ताबडतोब घरी ये" म्हणून सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. घरी आल्यावर त्या रात्री उलटतपासणी घेऊ नये. गाडीच्या बाबतीत तर खरे कारण तयारच आहे : २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकास अगर गाडीच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड यांची तरतूद आहे.

तिसरे, सगळा भार मुलावर टाकू नये. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ते विकण्यास मनाई केली आहे. शाळेच्या फाटकाशी पुड्या लटकत असतील, तर मंडळीच्या वडीलजनांनी जाऊन मुख्याध्यापकांना आणि अधिकाऱ्यांना भेटणे हेही या पाठाचाच भाग होय.

मोठ्यांचीही परीक्षा

सोबत्यांचे दडपण हा केवळ पोरवयाचा रोग आहे असे कोणी समजू नये. वडील मंत्र्यांची सल्ला टाकून, बरोबर वाढलेल्या सोबत्यांचे ऐकणारा रहबाम राज्यावर बसला तेव्हा ४१ वर्षांचा होता (१ राजे १४:२१). त्या एका उत्तरापायी राज्य दुभंगले. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता; यरुशलेमेहून काही जण येताच तो मागे सरला, आणि बर्णबाही त्याच्यामागे वाहवला. आपणही "लोक काय म्हणतील" म्हणून लग्नात ऐपतीबाहेर खर्च करतो, कर्ज काढतो, नको असलेले देणेघेणे करतो. मुले हे सर्व पाहत असतात. घरात एकदा तरी "आम्हांला हे परवडत नाही, म्हणून करणार नाही" असे वडील शांतपणे म्हणताना मुलांनी ऐकले, तर दहा पाठांचे काम होईल.

आणि एखादे मूल 'नाही' म्हणू शकले नाही, तर काय? पेत्राची ती रात्र वर्गात जरूर वाचावी. शेकोटीपाशी, परक्या घोळक्यात, एका दासीच्या प्रश्नापुढे त्याचे धैर्य गळाले. तो एकटा होता. पुढे तो रडला. पण गोष्ट तेथे संपली नाही. प्रभूने त्याला तीन वेळा विचारून पुन्हा कामावर उभे केले (योहान २१:१५-१७). एकदा घसरलेल्या मुलाला आपल्या मंडळीत परत येण्याची वाट आहे की नाही, हे आपल्या चेहऱ्यावरून त्याला कळते. वाट दिसली नाही तर ते मूल ज्यांनी पुडी दिली त्यांच्याकडेच जाईल. कारण तेथे त्याला कोणी नाव ठेवत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. दानीएलाने नवे नाव आणि विद्या स्वीकारली, पण राजाचे अन्न नाकारले. आपल्या शाळेतील जीवनात अशी सीमा कोठे आखावी?
२. "सगळेच करतात" असे कोणत्या गोष्टीविषयी ऐकता? मोजून पाहिले तर खरोखर किती जण करतात?
३. तुमच्या नकारामुळे मित्र तुटेल असे वाटते काय? नकारानंतरही टिकलेल्या मैत्रीचे उदाहरण सांगा.
४. (पालकांसाठी) गेल्या महिन्यात मुलाने दिलेला कोणता नकार आपण मान्य केला?

आठवड्याचे काम : प्रत्येक मुलाने या आठवड्यात एखाद्या लहान गोष्टीला नम्रपणे 'नाही' म्हणावे, आणि आपल्या जोडीदाराच्या एका 'नाही'मध्ये त्याची साथ करावी. पुढील रविवारी दोघांनी मिळून ते वर्गात सांगावे. सांगण्यासारखे काही घडले नसेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे.